'कंटाळून' हा शब्द कुणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज बियाण्याबद्दल बोलत नाही, फवारणीबद्दलही नाही. एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. पेपरात बातमी येते, 'नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या'. वर्षानुवर्षं तीच ओळ. गाव आणि नाव तेवढं बदलतं.

माणूस कशाला कंटाळतो? रोजच्या पिठल्याला. एसटीची वाट पाहून. 'कंटाळून' म्हटलं की सगळा दोष मरणाऱ्याच्या मनात जाऊन बसला. कापूस कोणत्या भावानं गेला, कर्ज का फिटलं नाही, हे विचारायचं कारणच उरलं नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. घाईत तयार साचा हाताला येतो.

सरकारी कागदावर तर निराशा नावालाही नाही. तिथं 'पात्र' आणि 'अपात्र'. २००६ सालापासून १ लाख रुपयांच्या मदतीसाठी चौकशी होते: कर्ज बँकेचं का, सावकाराचं असेल तर त्याला परवाना होता का, वसुलीचा तगादा होता का. बसला तर पात्र. मीही त्यातलाच. पदवी घेऊन नोकरीत होतो तेव्हा पातेगळ झालेल्या पऱ्हाटीत उभा राहून 'पीक परिस्थिती साधारण' असं लिहिलं आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात कलेक्टरच्या मुक्कामावरून हात हलवत परतलेला एक शेतकरी आहे, आपल्याशीच बोलत पडलेला. इतका खचलेला माणूस मराठीत क्वचितच कुणी दाखवला असेल. पण फुले त्याला कंटाळलेला म्हणत नाहीत. वाढलेला शेतसारा, तीस वर्षांनी होणारी पैमाष, कोर्टकचेऱ्या, लाच खाणारे कामगार, सावकार, एकेकाला पुढं उभं करतात. आणि तिथं थांबत नाहीत. शेवटाकडे ताली-बंधारे, तळी, विहिरी कशा कराव्यात तेही सांगतात. पुस्तकाला नाव दिलं तेही असूडाचं.

आता आपली जुनी निवेदनं काढून बघा. 'हवालदिल बळीराजा', 'मायबाप सरकार'. हे आपणच लिहिलं. साहेब वाचतात, हळहळतात, फाईल मिटते.

पारावरची गोष्ट मात्र निराळी. 'आता काही राम राहिला नाही' असं आपण सगळेच म्हणतो. माझ्या गावचा एक जण तीनदा म्हणाला. मी हसून चहा सांगितला. चौथ्यांदा म्हणायला तो नव्हता. तेव्हापासून असं कुणी म्हटलं की मी उठत नाही. देणं किती, कुणाचं, कधीचं, असं विचारतो. आकडा तोंडातून निघाला की माणूस बोलायला लागतो. मग त्याच्यासोबत घरापर्यंत जातो. ही बोलणी बहुधा बायामाणसांना आधी ऐकू येतात, त्यांना बैठकीत पुढं बसवा.

आजच्या निवेदनाचा मसुदा मी आणला आहे. त्यातला 'हवालदिल' खोडला आहे. त्या जागी प्रत्येक गावानं लिहायचं: एकरी खर्च किती आला, कापूस किती क्विंटल निघाला, कोणत्या तारखेला कोणत्या भावानं गेला, ज्वारी घरात खायला किती उरली. कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत. जेवणाआधी भरून द्या.