म्यूटिंग वेगळे, जंपर वेगळा



आता जी नवी यंत्रे आपल्या वर्कशॉपमध्ये आणि पार्सल केंद्रांत बसवली जातात, त्यांतल्या पुष्कळांच्या तोंडाशी सेन्सरचा प्रकाश-पडदा असतो. किरणांच्या आड हात आला की यंत्र थांबते. इथवर कुणाचे दुमत नाही. कुरबुर पुढे सुरू होते. माल ज्या वाटेने जायचा त्याच वाटेवर हा पडदा असतो. म्हणजे पेटी आली तरी यंत्र थांबणार. मग कुणीतरी तारेचा तुकडा आणून जंपर लावतो आणि पडदा शोभेपुरता उरतो.

पडदा काही क्षण गप्प करण्याची रीतसर पद्धत आहे. तिला म्यूटिंग म्हणतात. तिची आणि जंपरची गल्लत होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

रेल्वेतल्या मंडळींना उदाहरण घरचेच आहे. लाल सिग्नल ओलांडायचा नाही, हा नियम. पण त्याच सिग्नलखालचा कॉलिंग-ऑन सिग्नल मिळाला, तर गाडी आधी थांबवून मग सावधपणे पुढे नेता येते. हा अपवाद नियमातच विचारपूर्वक बसवलेला आहे. सिग्नलच्या पेटीत तार खुपसून हिरवा दिवा लावणे, याला कुणी कॉलिंग-ऑन म्हणणार नाही.

पॅलेटवर पेट्या रचणारे यंत्र घ्या. भरलेला पॅलेट बाहेर पडताना पडद्याजवळचे दोन स्वतंत्र सेन्सर त्याला ओळखतात. दोघांनी ठरलेल्या अवधीत साक्ष दिली तरच पडदा गप्प होतो. एकावर भिस्त ठेवत नाहीत, कारण तो बिघडला किंवा त्याच्यापुढे कुणी पुठ्ठा चिकटवला की सारे संपले. दोन्ही किरण एकमेकांना छेदतील असे लावतात आणि छेदबिंदू पडद्याच्या आत, धोक्याच्या बाजूला ठेवतात. त्यामुळे आत शिरणारा माणूस आधी पडद्यालाच अडतो. वाट पॅलेटनेच भरलेली हवी, बाजूने माणूस घुसेल एवढी फट नको. माल पार झाला की पडदा आपोआप जागा व्हावा. वेळ उलटूनही माल तिथेच राहिला तर यंत्र बंद पडावे. पॅलेट अडकला तर किल्लीने सोडवता येतो, पण किल्ली धरून ठेवली तोवरच यंत्र हलते, आणि ती अशा जागी असते जिथून धोक्याचा सारा भाग दिसतो. प्रेसवर तर याहून सोपे: दाब वर जात असताना चेंगरण्याचा धोका नसेल, तर तेवढ्यापुरताच पडदा गप्प करतात.

जाता जाता एक हिशेब. हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरतात. यंत्राला थांबायला पाव सेकंद लागला तर हात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून सोयीसाठी पडदा जवळ सरकवणे हाही एक प्रकारचा जंपरच.

जंपर लावणारा कामगार बेफिकीर असतो, असे व्यवस्थापन सांगते. आम्हाला ते मान्य नाही. जर्मनीतील अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६ साली धातुकामाच्या यंत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे ३७ टक्के संरक्षक साधनांत कायमची किंवा तात्पुरती फेरफार केलेली आढळली. एवढी माणसे एकाच वेळी बेफिकीर होत नाहीत. साधन कामाच्या आड येते, वर नग मोजले जातात, म्हणून ते बाजूला सारले जाते.

आणि अपघात झाला की बोट कामगाराकडे! १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १११ ने सुरक्षा साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करण्यास कामगाराला मनाई केली होती. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही ही मनाई आहे. मात्र तिच्यातच, गंभीर धोका समोर दिसत असेल तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्कही आहे. तो तोंडी वापरू नका, लेखी वापरा.

यंत्र सुरू करण्याआधी युनियनच्या प्रतिनिधीसमोर म्यूटिंगची चाचणी झाली पाहिजे. एक सेन्सर झाकून पाहा, पडदा गप्प होता कामा नये. म्यूटिंगचा दिवा असेल तर तो पेटतो का पाहा. कालावधी कुणी ठरवला, बदलण्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे विचारा. आणि सुपरवायझर 'आजच्यापुरता जंपर लाव' म्हणाला, तर तेवढे ओळ दोन ओळी लिहून सही करून द्या, असे त्याला नम्रपणे सांगा.