कडू आवडतं का?



'बायका आणि बिअर' हा विषय, आणि बोलणार जैन डॉक्टर, हे पत्रिकेत वाचून काहीजण हसले असतील. आमच्या घरी मद्य, मांस, मधू तिन्ही वर्ज्य. बिअरची चव मला ठाऊक नाही. पण होमिओपॅथीत रोग्याची आवडनिवड विचारल्याशिवाय औषध ठरत नाही. केंटच्या रेपर्टरीत बिअरची इच्छा होणाऱ्यांसाठी औषधांची वेगळी नोंद आहे. ती पुरुषांसाठीच आहे, असं तिथे लिहिलेलं नाही. ते मीच मनाने धरलं होतं.

निपाणीत मी 37 वर्षं दवाखाना चालवतो. पुरुष आला की विचारायचो, तंबाखू? दारू? बाई आली की फक्त आंबट, गोड, खारट. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी एक बाई तोंड येतं म्हणून चार महिने येत होती. एकदा सहज बोलताना कळलं, ती दिवसातून चार वेळा मिसरी लावते. 'आधी का सांगितलं नाही, बाई?' म्हटलं, तर उत्तर आलं, 'तुमी कवा इचारलासा, डाक्टर?' मिसरी सुटली, तोंड बरं झालं. चूक माझी होती.

बिअरचंही तसंच आहे. माझी पुतणी बंगळूरला नोकरी करते. ती सांगते, 'काका, मी कडू बिअर मागवते, हे गोड सरबत मागवतात. वेटर दरवेळी उलटे ग्लास ठेवतो.' बायकांना कडू चालत नाही, हे त्याने गृहीतच धरलेलं. कडू चव ओळखण्यात बायकांची जीभ सरासरी थोडी तीक्ष्ण असते, हे खरं. पण ओळखणं म्हणजे नावडणं नव्हे. मेथीचे लाडू बाळंतिणीच खातात ना? आणि पानातली कारल्याची भाजी बाजूला सारणारे बहुधा आपणच, पुरुष.

बिअरला कडवटपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. या फुलांमुळे पेय टिकतं, हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या ख्रिस्ती साध्वीने लिहून ठेवलं. आपल्या कर्नाटकातलं उदाहरण किरण मझुमदार यांचं. वडील बिअर बनवण्याच्या धंद्यातले जाणकार. मुलीने ऑस्ट्रेलियात तेच शिक्षण 1975 साली पूर्ण केलं. परत आल्यावर तिला ते काम कोणी देईना. हे बाईमाणसाचं काम नव्हे, म्हणाले. 1978 मध्ये तिने बंगळुरात बायोकॉन सुरू केली. सुरुवातीच्या मालात पपईचं पपेन होतं, आणि ते बिअर नितळ करायलाही वापरतात. ज्यांनी दार लावलं, त्यांच्याच धंद्याला लागणारा माल तिने बनवला.

मी कुणाला प्या म्हणत नाही. उलट डॉक्टर म्हणून सांगतो, बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच मद्याचा परिणाम तिच्यावर जास्त होतो. झोपेच्या गोळीबरोबर तर ते जिवावर बेतू शकतं. पण 'चांगल्या घरातली बाई घेत नाही' असं आपण ठरवून टाकलं, तर ती डॉक्टरला सांगणार कशी?

आता माझ्या केसपेपरवर सगळ्यांना एकच प्रश्न असतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक-दोघी रागावल्या. एक मात्र बराच वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, 'दार लावून घेऊ का, डॉक्टर?'