मैदानावर कोणाची मुले दिसतात?

(बुद्ध विहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांच्या अंगचे खेळाचे गुण कसे ओळखावे व कसे वाढवावे, हा विषय आपण मला दिला. मी क्रीडाशिक्षक नव्हे, वकील आहे. म्हणून मी प्रथम हेच विचारतो की, गुण ओळखणारा उभा कोठे असतो?

पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. १८७६ साली चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यास गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरविण्याच्या व जाळी उभारण्याच्या कामावर होता. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा हवा होता, म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. त्यातूनच हा डावखुरा गोलंदाज घडला. बॅट मात्र त्या क्लबात त्याच्या हाती कधी दिली गेली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण बळी हवे होते. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईच्या सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. हेच बाळू १९३७ साली बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले व पडले, हे आपण जाणतो. त्याने त्यांच्यावरील अन्याय लहान होत नाही.

चाकरीमुळे मैदानात पाय पडला, म्हणून त्यांचा गुण दिसला. आणि तो तेवढाच वाढविला गेला, जेवढा दुसऱ्याच्या कामी येत होता.

आज संविधानाच्या १५ (२) कलमाने शासकीय निधीतून चालणारे मैदान सर्वांना खुले आहे. परंतु गतवर्षी एक माता माझ्या कचेरीत आली. तिची मुलगी शाळेत सर्वांत वेगवान. निवड चाचणीची सूचना वस्तीत पोचली ती चाचणी होऊन गेल्यावर. मी अर्ज लिहून दिला. पण बाराव्या वर्षी गेलेले वर्ष अर्जाने परत येत नाही.

चाचणीतही एक दोष राहतो. उंची, तीस मीटर धाव, उभ्याने मारलेली उडी ही मापे घेतात, ते योग्यच. परंतु एक मुलगा तेराव्या वर्षी अंगाने भरतो, दुसरा पंधराव्या. आणि ज्याच्या ताटात दूध-अंडे नाही तो आणखी मागे राहतो. एका दिवसाच्या मापावरून त्यास बाद करणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देणे होय. तेच माप दर तीन महिन्यांनी घ्यावे, म्हणजे कोण किती पुढे सरकला ते कळते. तसेच बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळास जुंपू नये. पळू द्यावे, पोहू द्यावे, चेंडू खेळू द्यावा.

विहारापुढील पटांगणात चुन्याने तीस मीटर आखावे, घड्याळ लावावे व प्रत्येक मुलाची, मुलीचीही, नोंद वहीत करावी. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीतून चाचण्यांच्या तारखा आणून येथील फलकावर लावण्याचे काम मी पत्करतो. वही कोणी सांभाळावयाची, ते आज सभा उठण्यापूर्वी ठरवावे.

जयभीम.