दिसेल तेवढाच रस्ता आपला



लांबच्या प्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे बहुधा दोन तऱ्हेचे बोलणे कानी पडते. कोणी वाटेतील देखाव्यांचे वर्णन करतो, तर कोणी किती तासांत किती मजल मारली याचा हिशेब सांगतो. मला आज या दोहोंपैकी काहीच सांगावयाचे नाही. मुंबईहून दक्षिण कोकणातील आमच्या घरी मी पुष्कळ वर्षे मोटारसायकलीवरून जात-येत आहे. त्या वाटेने मला जो एक नियम शिकविला, तेवढाच आपल्यापुढे मांडावा अशी इच्छा आहे. नियम लहान आहे : डोळ्यांना जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात आपली गाडी उभी करता आली पाहिजे.

यात नवे ते काय, असे आपणांस वाटेल. मलाही एके काळी तसेच वाटत असे. परंतु हा नियम मान्य करणे आणि तो पाळणे यांत केवढे अंतर आहे, हे थोडे गणित मांडल्यावाचून ध्यानी येत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढे संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसालाही निदान एक सेकंद लागतो. म्हणजे आपण काही करण्यापूर्वीच १७ मीटर खर्ची पडले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी २० मीटर लागतात. एकूण झाले ३७. हाच वेग ८० केला, तर एकूण अंतर ५८ मीटरांच्या घरात जाते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हे येथे विसरता कामा नये. आता रस्ता ओला आहे असे समजा. चाकांची पकड जवळजवळ निम्म्याने घटते, आणि ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्यास थांबावयास सुमारे ८५ मीटर हवे असतात. रात्री समोरून वाहने येत असताना दिव्याचा झोत खाली ठेवावा लागतो, आणि त्या झोतात पुढील चाळीस-पन्नास मीटरच काय ते नीट दिसतात. पाऊस असेल तर तितकेही नाही. म्हणजे जो इसम पावसाळी रात्री ८० च्या वेगाने निघाला आहे, तो निम्मा वेळ न पाहिलेल्या रस्त्यावरून जात असतो. त्याला हे कळत नाही, कारण बहुतेक रात्री तेथे काही नसते.

आणि जे काही नसते, ते एखाद्या दिवशी असते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, अरबस्तानातील कामगिरीने जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स हे आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलीवरून घरी परतत होते. त्या रस्त्यास एके ठिकाणी खोलगट भाग होता, आणि सायकलींवरून चाललेली दोन मुले त्या खोलगटीमुळे त्यांना दुरून दिसली नाहीत. दिसली तेव्हा त्यांना चुकविण्याच्या प्रयत्नात लॉरेन्स गाडीवरून फेकले गेले. डोक्यास जबर मार लागला, आणि सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. वाळवंटातील युद्धातून वाचलेला हा पुरुष घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर गेला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढे युद्धकाळात लष्करी निरोप्यांना मोटारसायकलींच्या अपघातांत होणाऱ्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेल्मेटने जीव वाचतो ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. तिच्या शास्त्रीय पायाशी त्या एका मरणाची आठवण आहे.

आता आपल्या वाटेकडे वळू. पनवेल सोडून दक्षिणेकडे निघाले म्हणजे पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, सावंतवाडी अशी ओळ लागते. हा प्रदेश वळणांचा, चढउतारांचा आणि दाट झाडीचा आहे. म्हणजेच, दृष्टीआड करणारा आहे. वळणापलीकडे जांभ्या दगडाची तांबडी माती पावसाने रस्त्यावर वाहून आलेली असते, आणि तिच्यावर चाक साबणावरून सरकावे तसे सरकते. पाण्याने भरलेला खड्डा वीतभर खोल आहे की हातभर, हे वरून कळत नाही. सांजवेळी गुरे घरी परततात, आणि काळ्या म्हशीला काळ्या रस्त्यावर दिवा नसतो. एकच दिवा चालू असलेली मालमोटार दुरून मोटारसायकलीसारखी भासते. खड्ड्यात गावकऱ्यांनी खोवलेली झाडाची फांदी ही खरी परोपकाराची खूण. पण अंधारात तिच्यापाशी पोहोचेपर्यंत तीही दिसत नाही.

या यादीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी ऐकून सांगत नाही. मालमोटार बिघडली म्हणजे तिच्या मागे दोन-चार मोठे धोंडे मांडून ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, आणि धोंडे तेथेच राहतात. काही वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी कचेरीतून दुपारी निघून मी घराकडे चाललो होतो. मागे धाकटा भाऊ बसला होता. ‘दिवेलागणीला पोहोचतो’, असा आईला शब्द दिलेला होता, आणि वाटेत तिचे दोनदा विचारून झाले होते. संगमेश्वर मागे पडले तेव्हाच अंधारले. पाऊस सुरू झाला. समोर एक मोटार चालली होती. तिच्या मागच्या तांबड्या दिव्यावर नजर ठेवून मीही तितक्याच वेगाने निघालो. हिला रस्ता दिसतो आहे तर मलाही दिसतो आहे, असा माझा भाबडा समज. ती मोटार एकाएकी उजवीकडे वळली, आणि तिच्या जागी मला धोंडा दिसला. पुढचे मला नीट आठवत नाही. माझे मनगट मोडले. भावाच्या पायाची दोन शस्त्रक्रिया झाल्या. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते म्हणून आज हे भाषण होत आहे. पण माझा भाऊ अजूनही जिना एकेक पायरी थांबून चढतो, आणि त्याचा तो आवाज मी घरात रोज ऐकतो.

ज्याने ते धोंडे टाकले त्याला मी कित्येक महिने मनातल्या मनात दोष देत होतो. त्याचा दोष आहेच. परंतु धोंडा जागचा हलला नव्हता. न दिसणाऱ्या रस्त्यावर वेगाने गेलो तो मी.

काही संकटांपुढे हा नियमही अपुरा पडतो, हे मला मान्य केले पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला महापूर आला आणि ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व इतर वाहने त्या काळोखात नदीत कोसळली आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. भर पावसात, रात्री, रोजचा पूल तेथे नाही असे कोणा चालकाच्या मनात यावे? त्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. पूल, खड्डे, दिवे आणि धोंडे यांची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांच्याकडून ती आपण मागितलीच पाहिजे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील शंभरांमागे चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरील होती. एवढ्या मरणांचा भार एकट्या चालकावर टाकता येणार नाही. पण दुसऱ्याने आपले काम करावे म्हणून वाट पाहत असताना आपले काम आपण सोडावे, असेही नाही.

ते काम कोणते? पहाटे उजाडता निघावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. प्रवास किलोमीटरांत न मोजता उजेडाच्या तासांत मोजावा. दर दोन तासांनी उतरून हातपाय मोकळे करावे, कारण थकलेल्या माणसाचा तो एक सेकंद दीड-दोन सेकंदांचा होतो. वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. दोन्ही ब्रेक वापरण्याची सवय ठेवावी. थांबविण्याचे अधिक काम पुढचा ब्रेक करतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्यावी. चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा उपयुक्त आहे खरी, तथापि ती ओला रस्ता कोरडा करीत नाही. समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग उतरवावा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा, आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट असावे. यांतील एकही गोष्ट कठीण नाही. कठीण आहे ते उशीर पत्करणे.

म्हणून अखेरीस मला जे सांगावयाचे आहे ते गाडी चालविणाऱ्यांना नव्हे, तर या वेळी घरात बसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांना. प्रवासाला निघालेल्या माणसाचा वेग पुष्कळदा घरून ठरतो. ‘किती वाजता पोहोचशील?’ हा प्रश्न मायेचाच असतो, पण रस्त्यावरच्या माणसाच्या मनगटात तो जाऊन बसतो. पान वाढून थांबलेली माणसे त्याला अंधारातही दिसतात, आणि समोरचा धोंडा दिसत नाही.

आमच्या घरी आता हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी निघालो म्हणजे आई एवढेच विचारते, ‘वाटेत रात्र झाली तर कुठे उतरशील रे?’ तिला उत्तर देण्यासाठी निघण्यापूर्वीच मला चिपळुणातले किंवा महाडातले एखादे ठिकाण योजून ठेवावे लागते. गेल्या काही वर्षांत दोनदा मी खरोखर तसा उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिराने घरी पोहोचलो. जेवण गार झाले होते. भावाने दार उघडले.