फिंजान किती, तलफ किती?

'कैफ' हा आपला शब्द मूळचा अरबी. 'कहवा'ही अरबीच. कहवा म्हणजे कॉफी. पण जुन्या अरबीत हाच शब्द मद्यासाठीही वापरत. नावातच नशेचा संशय असल्यावर 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी आणली यात नवल नाही. त्याआधी येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रला झोप येऊ नये म्हणून ती पीत असत. बंदी टिकली नाही, कॉफी टिकली. 2015 मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवले.

आता तोच संशय मानसशास्त्रज्ञांना आला आहे, पण जरा सौम्यपणे. अरबी बोलणाऱ्या माणसाची सवय कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होते, हे मोजायचे कसे?

कप मोजावेत, असे वाटेल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफीन चालते असे सांगितले. पण सौदी घरातला फिंजान बिनकानाचा, इवलासा आणि तोही पुरता न भरलेला. कैरोत काचेच्या पेल्यात कडक चहा, मोरोक्कोत पुदिन्याचा हिरवा चहा. रियाधचा माणूस 'दहा' म्हणाला आणि कैरोचा 'चार', तर कॅफीन कोणाच्या पोटात जास्त गेले? नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही.

म्हणून मोजायचे ते प्रमाण नव्हे, पकड. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या नियमावलीत त्यासाठी तीन मुख्य खुणा दिल्या आहेत : कमी करायचे ठरवूनही न जमणे, त्रास होतो हे कळूनही पीत राहणे, आणि सोडल्यावर डोके दुखणे, चिडचिड, मरगळ. मात्र हा विकार अजून 'अधिक अभ्यास हवा' अशा गटातच ठेवला आहे. निकष सैल केले तर निम्मे जग रुग्ण ठरेल! या निकषांवरून हंगेरीतल्या अभ्यासकांनी 2018 मध्ये दहा प्रश्नांची प्रश्नावली मांडली.

असे प्रश्न अरबीत नेणे म्हणजे निव्वळ भाषांतर नव्हे. कविता लिहिणाऱ्याला ही अडचण चटकन समजते. एकाने अरबी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत आणायचे, मग दोन्ही ताडून पाहायचे, अशी रीत आहे. तरी प्रश्न छापले जातात ग्रांथिक अरबीत, आणि माणूस कॉफी मागतो आपल्या बोलीत. 'इदमान', म्हणजे व्यसन, हा शब्द कागदावर दिसला की भला माणूस 'छे, मला कसले व्यसन!' म्हणणार. इजिप्तमध्ये तोच माणूस 'मजाग'साठी पितो म्हणेल. आपल्या 'मिजास'चा हा सख्खा भाऊ, पण अर्थ मनाची तब्येत!

त्यातून पाहुणचार. बेदुइनांच्या रीतीत पाहुणा रिकामा फिंजान हलवून दाखवीपर्यंत यजमान ओतत राहतो. 'नको असताना पिता का?' याला तो 'हो' म्हणेल. ही तलफ की अदब?

आणि रमजान. शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांत डोके धरते. सहरीपासून इफ्तारपर्यंतचा वेळ त्याच सुमाराचा. आमच्या घरी चहाचे भक्त पहिल्या रोज्यांना दुपारनंतर कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडतात. त्या दिवसांत प्रश्नावली वाटली तर सगळेच व्यसनी ठरतील. उलट रोजे ठेवणारा म्हणेल, 'मी रोज सोडतोच की!' पण इफ्तारनंतर मध्यरात्रीपर्यंत तो किती पितो, हे कोणी विचारले?

ही चिकित्सा फुकाची नाही. रात्रपाळीची एखादी नर्स छातीत धडधडते म्हणून डॉक्टरकडे जाते. झोप नाही, हात थरथरतात. चिंतारोगाची लक्षणेही हीच. प्रश्न नीट विचारला गेला नाही, तर तिला चिंतेच्या गोळ्या मिळतील आणि ती त्या कॉफीबरोबर घेईल.