मूल शाळेस जावयास नको म्हणते तेव्हा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा हा आनंदाचा प्रसंग आहे. अशा वेळी गुणपत्रिकेत ज्याची नोंद होत नाही अशा विषयावर मी बोलणार आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो.

माझे सारे आयुष्य ठाणे आणि डोंबिवली येथे शिक्षकी पेशात गेले. त्या काळातील एक हकीकत सांगतो. सातवीतील एक मुलगा रोज गणवेश घालून, डबा घेऊन वेळेवर घरातून निघे. वर्गात मात्र तो अकरा दिवस आला नव्हता. आम्हांस वाटे, आजारी असेल. आईवडिलांस वाटे, शाळेत आहे. दोघेही सकाळच्या गाडीने मुंबईस जाणारे; दिवेलागणीनंतर परतणारे. मुलगा दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसून राही. वाटेत वरच्या वर्गातील दोन मुले त्याचे पैसे काढून घेत व मारीत, हे पुढे उघडकीस आले. त्यापूर्वी त्याने घरी काही सांगितले नव्हते असे नाही. ‘पोट दुखते’ असे तो रोज सकाळी म्हणे आणि आई त्याला ओवा देई. हजेरीपटावर सही माझी होती, म्हणून यात मी आईला दोष देत नाही. ती अकरा दिवसांची रिकामी चौकट मला दिसावयास हवी होती.

हे सांगण्याचे कारण बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली, हे आपणांपैकी अनेकांनी गाडीत अडकून अनुभवले असेल. परंतु मला त्या गर्दीपेक्षा तिच्या आधीची एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एका घराने दुसऱ्या घराशी बोलणे केले, तेव्हा दुसरी मुलगीही शाळेत जावयास भीत असल्याचे कळले, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. पालक पालकांशी बोलले नसते, तर ते मौन आणखी किती दिवस टिकले असते कोण जाणे!

या प्रकरणाची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. २१ ऑगस्टच्या शासन निर्णयाने शाळांना कॅमेरे बसविण्यास, कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासण्यास, तक्रारपेटी ठेवण्यास आणि सखी सावित्री समिती स्थापण्यास सांगितले. हे सर्व योग्यच आहे. तथापि कॅमेऱ्याला ‘आज हा का आला नाही?’ असा प्रश्न पडत नाही. तो वर्गशिक्षकाला पडला पाहिजे, आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी घरून आले पाहिजे. आपण गावी लग्नाला जातो, मुलाला चार दिवस शाळेतून काढतो आणि कळवीत नाही. अशाने गैरहजेरीचे गांभीर्य शाळेलाही उरत नाही.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या ज्ञातीत कोणाच्या मुलाबाबत असे काही घडले, तर ‘चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवावे, कुळाचे नाव नको’ असे म्हणणारे भेटतात. मजकडेही अशी मध्यस्थी मागण्यास गृहस्थ आले आहेत. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन घातले आहे. न कळविणे हाच गुन्हा ठरतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे. तेव्हा नावाची भीती पुढे करण्यास जागा नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक घरी मुलांना पाठ असावा.

प्रकृतीविषयी थोडकेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या वर्गांची वेळ सकाळी नऊ किंवा त्यानंतरची ठेवण्यास सांगितले, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. आमच्या भागातील आईवडिलांची अडचण वेगळी: नऊला मुलाला पोहोचवावे, तर सव्वाआठची गाडी चुकते. मग मूल शेजारी, नाही तर रिक्षावाल्याच्या हवाली. त्या रिक्षावाल्याचे नाव, पत्ता आणि त्यात किती मुले कोंबली जातात, हे आपणांपैकी कितीजण जाणतात? शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. शाळेच्या परिवहन समितीत पालकांचा प्रतिनिधीही असतो. तो कोण, हे पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचारावे. त्या सभेला माता येतात आणि वडील फक्त शुल्कवाढीच्या दिवशी उगवतात, असा माझा अनुभव आहे.

मंडळाला माझी एकच सूचना आहे. कल्याण, डोंबिवली व ठाणे येथे राहणाऱ्या आपल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची व डॉक्टरांची यादी करून ती पुढील अंकाच्या आतील पृष्ठावर छापावी. ज्या घरी दिवसा कोणी नसते, त्या घरच्या मुलाने वाटेत भय वाटल्यास कोणाचे दार वाजवावे, हे त्याला ठाऊक असेल. यादीत पहिले नाव माझे घालावे. दुपारी मी घरीच असतो.