संथ चालीचा हिशेब



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना हसू आले असेल. आपला जिल्हा अवर्षणाचा. इथे मोटारबोटीच्या इंधनाची चर्चा कशाला, असे कोणीही विचारील. परंतु याच जिल्ह्यात १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे, राहुरीजवळ मुळेचे धरण आहे, आणि जायकवाडीचा फुगवटा शेवगाव-नेवासे तालुक्यांत पसरलेला आहे. जिथे पाणी साठले तिथे होडी आली, आणि होडीमागोमाग इंजिन आले.

काठावर बोट उभी आहे, उतारू एकेक करून येत आहेत आणि इंजिन धडधडते आहे, हे दृश्य आपण पाहिले असेल. नावाड्याला विचारावे तर तो म्हणतो, "हळू चाललंय, ते काय पितंय?" या समजुतीत अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य खिशाला फार महाग पडते.

सत्य आहे ते आधी सांगतो. पाण्याचा विरोध ठोकळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग निम्मा केला की शक्ती एकअष्टमांश पुरते. प्रवासाला वेळ दुप्पट लागतो हे खरे, तरी बोट ढकलण्याचे इंधन चौथ्या हिश्श्यावर येते.

मग जितके हळू तितके स्वस्त का नव्हे? कारण इंजिन हे बैलासारखे आहे. दावणीला उभा असलेला बैलही वैरण खातोच. इंजिनाला स्वतःचे दट्टे, पंप आणि चाके फिरवण्यासाठी इंधन लागते. बोट तसूभर हलली नाही तरी ते जळतच राहते.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. इंजिन नुसते फिरायला तासाला अर्धा लिटर लागतो, आणि ताशी १० किलोमीटर वेगाने बोट ढकलायला आणखी ४ लिटर. दहा किलोमीटर जायचे आहे. ताशी १० च्या वेगाने साडेचार लिटर जळतील. ताशी ५ च्या वेगाने दोन तास लागतील. एक लिटर नुसते फिरण्यात आणि एक ढकलण्यात, असे दोन लिटर. आता ताशी अडीच किलोमीटरने जाऊ. चार तासांत नुसते फिरण्यातच दोन लिटर गेले, वर पाव लिटर ढकलण्याचा. म्हणजे चाल आणखी मंद केली आणि खर्च वाढला! आणि धक्क्याला उभ्या बोटीचा हिशेब तर मांडायलाच नको; तिथे अंतर शून्य आहे.

वेगालाही वरची मर्यादा आहे. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील टॉर्की येथे टाकी बांधून जहाजांच्या नमुन्यांवर प्रयोग केले. बोटीने उठवलेली लाट बोटीइतकी लांब झाली की बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला साडेचाराने गुणले की हा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. नऊ मीटरच्या साध्या बोटीला तो साडेतेरा येतो. त्याच्या बराच खाली राहावे, पण रांगूही नये, यातच काटकसर आहे.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. जुन्या पद्धतीच्या दोन धावांच्या पेट्रोल इंजिनात काही इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडते, आणि बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाचा धूर बहुधा पाण्यातच सोडलेला असतो. मंद फिरताना ज्वलन आणखी बिघडते. डिझेल इंजिनही तासन्‌तास असे ठेवले तर काजळी धरते. आणि ते पाणी कोणते? भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेने व तिच्या कालव्यांनी आपल्याच शेतांत आणि गावांत येते. नावाड्याने वाया घालवलेल्या तेलाचा अंश आपल्या घागरीपर्यंत पोहोचू नये, ही काळजी आपलीच आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. उतारू गोळा होईपर्यंत, बोट नीट बांधलेली असताना, इंजिन बंद ठेवावे. भर पाण्यात वारा असताना मात्र ही काटकसर करू नये. तिथे जीव मोलाचा. बोटीच्या तळावरचे शेवाळ खरवडावे. आणि प्रत्येक नावाड्याने ठराविक अंतर दोन-तीन वेगांनी जाऊन तेल मोजावे. त्याच्या बोटीचा खरा हिशेब कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा ती बोटच अधिक चांगला सांगेल.

हाच नियम साखर कारखान्याच्या फाटकाशी रांगेत घुरघुरत उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. घरी जाताना आपलीही गाडी कुठे उगाच धडधडते, एवढे पाहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.